रितं जातं

सिद्धाराम कलशेट्टी खडकाशी बोलतो, असं भूजल कचेरीतले लोक चेष्टेनं म्हणत. खरं तर तो बोलत नसे, ऐकत असे. हातोडीचा एक टोला, मान किंचित कललेली, डोळे मिटलेले. खणखणीत आवाज आला तर खडक भरीव. बद्द आला तर आत भेग. आणि आवाज जरा लांबून, दुसऱ्याच कुणी ओ दिल्यासारखा आला, तर खाली पोकळी. खडकाला एवढ्या तीनच गोष्टी सांगता येतात. याहून जास्त सांगतो म्हणणाऱ्याला ऊन लागलेलं असतं, असं त्याचं रोखठोक मत होतं. वय एकतीस, भूशास्त्राची पदवी, खिशात भिंग, आणि डोक्यावर दुष्काळाचं साल.

एकोणीसशे त्र्याहत्तरचा फेब्रुवारी होता. सांगोल्याच्या दक्षिणेला, जिथं डांबरी सडक संपून गाडीची चाकोरी उरते आणि चाकोरी संपून मेंढरांची पायवाट उरते, तिथं मेटकरी वस्ती. अकरा घरं, एक बिरोबाचं ठाणं, एक आटलेली विहीर. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, कधी यायचाही नाही. बाभळी काळवंडल्या होत्या. हिरवं म्हणून त्या माळावर काही दिसत असेल तर केराबाईच्या हातातल्या बांगड्या.

केराबाई म्हणजे धुळा मेटकऱ्याची बायको. सहावा महिना लागलेला, तरी रोज दोन मैलांवरच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. सिद्धारामानं माळावर पहिला टोला हाणला त्या दिवशी ती कामावर गेली नाही. डोक्यावर पदर घेऊन त्याच्या मागं दहा पावलांवर चालत राहिली. तो थांबला की ती थांबे.

शेवटी त्यानंच विचारलं, "काय हो बाई?"

"काय न्हाय. पानी लागंल का, साहेब?"

"आधी खडक बघू द्या."

"बघा की. मी काय तुमचा खडक खातीय व्हय?" ती हसली, आणि हसू ओठावर असतानाच म्हणाली, "माजी दोन वाटंवर गेली. एक मिरजेच्या अल्याड, एक पार कोकणाच्या घाटात. मेंढरं घिऊन जगायला निगालो तवा. न्हानीला पानी न्हाय, आडोसा न्हाय. पाचवी सुदिक पुजली न्हाय त्यांची. मग सटवाईनं त्यांच्या कपाळावर लिवावं तरी काय? ह्ये तिसरं. पानी लागलं तर हितं हुईल. न्हाय लागलं तर फुडल्या म्हैन्यात आमी परत वाटंला."

तिनं पदर सावरला. सिद्धाराम पुन्हा खाली वाकला, आणि त्या दिवशी त्यानं एरवीपेक्षा जास्त टोले हाणले.

माळाच्या पोटातून काळ्या कातळाची एक शीर गेली होती. कुणी जुन्या काळी बांध घालून जमिनीत पुरून ठेवावा तशी. तिच्या उगवतीच्या अंगाला, ठाण्यापासून चाळीस पावलांवर, त्यानं हातोडी मारली. आवाज लांबून आला. आणि थोडा उशिरा आला. टोला आधी, मग एका श्वासाएवढी शांतता, मग आवाज. त्यानं पुन्हा मारली. पुन्हा तेच.

"पोकळी आहे," तो म्हणाला, आणि खिशातली चुन्याची पुडी सोडून तिथं फुली काढली.

बोअरचं यंत्र घेऊन चनमल्लप्पा आला. अक्कलकोटकडचा माणूस, गालात तंबाखू, जिभेवर कानडी आणि मराठी मिसळलेली. पहिल्या दिवशी साठ फूट झालं. यंत्र खडक कुटत होतं आणि हवेच्या जोरानं भुकटी वर फेकत होतं. आधी पिवळा मुरूम, मग काळी राख.

"साहेब, हा खडक थेट माझ्या सासऱ्यावर गेलाय," चनमल्लप्पा ओरडला. "नुसता धूर काढतोय, सुटत काय नाही!"

दुसऱ्या दिवशी एकशे दहा फुटांवर तांबडा थर लागला. कुंकवासारखी भुकटी बायकांच्या लुगड्यांवर बसली, आणि शुभ झालं म्हणून त्यांनी ती झटकली नाही. सिद्धाराम दर दहा फुटांचा नमुना कापडी पिशवीत बांधून ओळीनं मांडत होता. तिसऱ्या दिवशी, एकशे साठ फुटांवर, रंग एकदम बदलला.

पांढरी भुकटी. मऊ, आणि हाताला कोमट.

या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतात, हे तो जाणून होता. त्यानं आम्लाचा थेंब टाकला. फेस आला नाही. त्यानं भिंग डोळ्याला लावलं. स्फटिक फुटतो तेव्हा त्याला कडा येतात, धार येते. या कणांना कडाच नव्हत्या. एकेक कण गोल होता. यंत्रानं कुटलेलं हे नव्हतं. कुणीतरी घासघासून, सावकाश केलेलं होतं.

धुळाची आई मायाक्का काठी टेकत पुढं आली. अंगठा आणि तर्जनीत तिनं चिमूट धरून चोळली, भाकरीचं पीठ बघतात तशी.

"दोनदा दळलंय," ती म्हणाली.

बायका हसल्या नाहीत.

दुपारी जेवायला म्हणून चनमल्लप्पानं यंत्र बंद केलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच भर दिवसा माळ गप्प झाला. सिद्धारामानं डबा उघडला, भाकरी मोडली, आणि त्याचा हात तसाच राहिला. यंत्र बंद होतं. पाइपातून आवाज येत होता.

घरर्र, घरर्र. मधे किंचित अडखळ, आणि पुन्हा घरर्र.

हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. सोलापुरात, बाळीवेशीतल्या घरात, लहानपणीच्या सगळ्या पहाटा या आवाजानं उजाडल्या होत्या. त्याची आई गंगम्मा, त्याची अव्वा, एक पाय पसरून, एक दुमडून जात्यावर बसे, कानडी पद म्हणे, आणि तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून आवाजातच झोपे. दळण झालं की ती मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात टाकून उठायची. दळायची नाही, नुसती ठेवायची. तोंड रितं सोडू नये म्हणे. रितं सोडलं तर काय होतं, असं त्यानं एकदा विचारलं होतं. "मग ते दुसरं काहीतरी शोधतं," अव्वा म्हणाली होती आणि त्याच्या नाकाला पीठ लावून हसली होती. आता त्या घरासमोर गिरणी झाली होती. जातं कोपऱ्यात पडलं होतं, त्यावर लोणच्याची बरणी.

"हवा आहे," तो मोठ्यानं म्हणाला. "पोकळीतली हवा वर येते, पाइपात घुमते."

"हवा तर हवा," चनमल्लप्पा म्हणाला. पण तंबाखू थुंकायला तो पाइपापासून बराच लांब गेला.

मायाक्का पाइपाच्या तोंडाशी बसली. कान लावला. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. शेजारणीच्या घरात काहीतरी बिनसलंय हे भिंतीतून ऐकावं, तसा चेहरा होता.

"रितंच फिरतंय की ग बाई," ती पुटपुटली. मग सुनेला म्हणाली, "केरे, दाणं आन मूठभर."

"आत्या, सरकारी मिलो हाय ती. आटवडाभर पुरवायची हाय."

"आन म्हनलं न्हवं?"

केराबाईनं तांबड्या मिलोची, रेशनवरच्या त्या परदेशी ज्वारीची, मूठ आणून दिली. म्हातारीनं ती पाइपात सोडली. दाणे लोखंडावर वाजत वाजत खाली गेले, आणि मग ऐकू येईनासे झाले. तिथं जमलेली पंधरा-वीस माणसं पाइपाकडं वाकली. आधी काहीच झालं नाही. मग घरघर जड झाली, खाली बसली, मऊ झाली. भरल्या तोंडाचं जातं फिरतं तशी.

सिद्धारामानं वहीत लिहिलं: पाइपातून हवेचा आवाज. दुपारनंतर कमी.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकशे बहात्तर फुटांवर पाणी लागलं.

आधी पांढरा चिखल उडाला, मग गढूळ पाणी, मग घरांच्या उंचीचं कारंजं. म्हातारे कोतारे त्याखाली भिजले. धुळानं ढोल काढला. मेंढरं दावी तोडून पळत आली. केराबाई भिजली नाही. दोन्ही हात पोटावर ठेवून ती लांब उभी राहिली आणि तिथूनच सिद्धारामाकडं बघत होती. त्या नजरेत जे होतं तेवढ्यासाठी माणसानं आयुष्यभर खडक ठोकत हिंडावं, असं त्याला वाटलं.

आठ दिवसांनी हातपंप आला. तोवर मायाक्का रोज सकाळी पाइपात मूठ सोडत होती, हे त्याच्या कानावर आलंच होतं. पंपाभोवती सिमेंटचा कट्टा घालायचा, पाइपाचं तोंड चहूबाजूंनी बंद करायचं. सिद्धाराम स्वतः गुडघ्यावर बसून थापी फिरवत होता, तेव्हा म्हातारी काठीवर हनुवटी टेकून समोर उभी राहिली.

"बाबा, तेवडं एक भोक ठेव."

"कशाला, आजी?"

"तुला ठावं हाय कशाला."

त्यानं वर पाहिलं नाही. "भोकातून घाण जाते. पाणी नासतं. हगवण लागते, लहान पोरं दगावतात. दाणे टाकले तर तेही कुजतात."

"बोटाएवडं ठेव. करंगळीएवडं."

"आत्या, गप बसा की!" केराबाई मागून म्हणाली. पोरं दगावतात हा शब्द तिच्या अंगाला लागला होता. "साहेब शिकल्यालं हायती. बुजवा, साहेब. पार बुजवा."

आणि त्यानं बुजवलं. शेवटचा हात फिरवून कट्टा आरशासारखा केला.

ताबा मिळाल्याच्या कागदावर वस्तीतर्फे तिघांचे अंगठे घेतले, धुळाचा, केराबाईचा आणि मायाक्काचा. म्हातारीचा अंगठा कागदावर सुंदर उठला. मधे खीळ आणि तिच्याभोवती दाट गोल रेघा, नुकतीच छिन्नीनं टाकी लावलेल्या जात्यासारखा. सिद्धारामानं कौतुकानं त्यावर फुंकर घातली.

पाणी गोड होतं. इतकं गोड की सिद्धारामाच्या सांगोल्याच्या मुक्कामावरून जीप येऊन दिवसाआड दोन कॅन भरून न्यायची. तो आणि चनमल्लप्पा तेच पीत, त्यातच चहा करत. बोअर लागली म्हणून वस्तीचा टँकर बंद झाला. कुणाची तक्रार नव्हती.

एप्रिलच्या अखेरीला पंपाची पाहणी करायला सिद्धाराम पुन्हा वस्तीवर निघाला. वाटेत दुष्काळी काम लागलं. बाभळीच्या फाटक्या सावलीत चाळीसेक बाया खडी फोडत होत्या. एरवी खडीच्या कामाचा आवाज म्हणजे नुसता गलका, टका-टक, कुणाचं कुणाला नाही. आज चाळीस हातोड्या एकदम पडत होत्या. एकदम उठत होत्या. मधे किंचित अडखळ, आणि पुन्हा. वर बारीक आवाजात गाणं चाललं होतं.

काळ्या खडकाच्या पोटी, कोन दळीतं पहाटं
मूठ घालाया निगाले, कुनी बुजिवली वाट

त्यानं जीप थांबवली. टोकाशी बसलेल्या बाईला विचारलं, "कुणी शिकवली ही ओवी?"

"कुनी न्हाय," ती हातोडी न थांबवता म्हणाली. "पहाटंचं ऐकू येतं. मग दिसभर तेच तोंडात बसतंय."

वस्तीवर सगळं चांगलं दिसत होतं. कट्ट्याशेजारी वांग्याची चार रोपं, घरांना नवा सारवणाचा हात. धुळा मात्र हसला नाही. मेंढरांच्या वाड्यातून एक कोकरू उचलून त्यानं आणलं आणि अंगठ्यानं त्याचा खालचा ओठ खाली ओढला.

"वय सांगा, साहेब."

"मला काय कळतंय त्यातलं? लहान आहे. दोन महिन्यांचं?"

"सवा म्हैन्याचं. अजून थानाला हाय." धुळाचा आवाज दबला होता. "आमी दातावरनं वय वळकतो. दोन दाती, चार दाती, मग जुळल्याली, मग झिजल्याली. ह्ये बघा."

कोकराचे दात हिरड्यांच्या बरोबरीला आले होते. सपाट, गुळगुळीत. बारा वर्षांच्या मेंढीचे असतात तसे.

"मातीत चरतात. गवत नाही, कच खातात. दात झिजणारच," सिद्धाराम म्हणाला.

"दुदावर हाय म्हनतोय न्हवं मी?"

त्यानं भिंग काढलं, ते हातातून निसटून मातीत पडलं. हल्ली त्याच्या हातून वस्तू सारख्या निसटत होत्या. काडेपेटी, सदऱ्याचं बटन. घामानं होतं, तो स्वतःला सांगत असे.

मायाक्का घराच्या उंबऱ्यावर बसली होती. तिनं आत बोट दाखवलं. भिंतीला जात्याची वरची तळी टेकून ठेवली होती. "आट दिस झालं टाकीवाली यिऊन गेली. पार ठोकठोकून खरबरीत करून दिली तिनं. हात लाव."

त्यानं हात लावला. काचेवर लावावा तसा तळवा घसरला.

पाहणीच्या कागदावर त्याच तिघांचे अंगठे हवे होते. धुळानं शाईत अंगठा बुडवून टेकला. केराबाईनं टेकला. मायाक्कानं टेकला. कागदावर तीन काळे ठिपके उठले. लंबगोल, भरीव, आत एकही रेघ नाही.

"शाई जास्त झाली," सिद्धाराम म्हणाला. त्यानं अंगठे पुसायला लावले, पुन्हा घेतले. पुन्हा तेच. मग फेब्रुवारीचा कागद काढून शेजारी धरला.

"खडी फोडून होतं असं," तो म्हणाला. "रेघा झिजतात. सगळ्या कामावर हेच आहे."

"व्हय," मायाक्का म्हणाली. "ह्यांचं झिजलं आसंल. मी कुटं खडी फोडतीय, बाबा?"

तो उठला. कट्ट्यापाशी गेला. कुणी बघतंय याची लाज सोडून आडवा झाला आणि सिमेंटला कान लावला.

घरर्र, घरर्र. आता पाइपाच्या तळाशी नव्हतं ते. कट्ट्याखाली होतं, घरांखाली होतं, तो पडला होता त्या सगळ्या माळाखाली. आणि कोरडं होतं. दगडावर दगड.

उठून बसल्यावर त्याला आपलाच आवाज अनोळखी वाटला. "केराबाई, मी कट्टा फोडतो. एक भोक पाडतो, आजी म्हणतात तेवढं. पण सिमेंट तडकलं तर पंप निघेल. नवा यायला महिना लागेल."

केराबाई पंप आणि तो यांच्या मधे येऊन उभी राहिली. आठवा सरत आला होता. बांगड्या कोपरापर्यंत चढल्या होत्या, इतके हात वाळलेले.

"आन तवर पानी?"

"टँकर मागवतो."

"टँकर येत हुता तर तुमी कशाला आला हुता मग?" तिचा आवाज चढला नाही. "माज्या बोटाच्या रेघा गेल्या तर जाऊ द्या. मला काय बालिस्टरी करायची हाय? येक म्हैना, साहेब. येक म्हैना हात लावू नका. माजं बाळ हितं हू द्या. मग तुमी फोडा, न्हायतर गिळा."

तिच्या मागं म्हातारी बसली होती. तिनं हात पुढं करून स्वतःची बोटं एकेक करून बघितली.

सिद्धाराम परत गेला. वाटेत खडीवरच्या बाया गात होत्या, आणि सांगोला येईपर्यंत जीपचं इंजिन त्याच ठेक्यात चाललं होतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात धुळा मुक्कामावर आला. मुलगी झाली होती. बाळ-बाळंतीण खुशाल होती. आज पाचवी. वस्तीत कुणाकडं कोरा कागद नाही, लेखणी नाही.

"केरी म्हनती, कागद साहेबाचाच पायजे. पानी त्यांनी दिलंय."

सिद्धाराम त्याच्याबरोबर निघाला. घरात ओवा-शेपूचा धूर भरला होता. बाजेशेजारी पाटा मांडलेला, त्यावर हळद-कुंकू लावलेला वरवंटा उभा. पाटाही गुळगुळीत होता. त्यानं तिकडं बघायचं टाळलं. वहीतला एक कागद फाडून पाट्यापाशी ठेवला, त्यावर आपलं पेन ठेवलं.

"घ्या की जरा," केराबाई म्हणाली. तिचा चेहरा पिवळट आणि शांत होता. बाजेवर टेकून तिनं लुगड्यात गुंडाळलेलं गाठोडं त्याच्यापुढं केलं. "भिऊ नका, चावत न्हाय."

बाळ झोपलेलं होतं. इवलंसं, ऊबदार. एक मूठ बाहेर आली होती. सिद्धारामानं आपली करंगळी त्या मुठीत घातली, सगळे घालतात तशी. मूठ उघडली.

तळहातावर काही नव्हतं.

एकही रेघ नव्हती. बोटांच्या पेरांवर वळ्या नव्हत्या. ओढ्यातल्या गोट्यासारखा तो हात मऊ, घट्ट आणि कोरा होता.

त्यानं मूठ हलकेच मिटवली.

"आज सटवाई ईल," केराबाई बाळाच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली. "पयल्या दोगींचं ऱ्हायलं. हिचं लिवंल. लिवंल न्हवं, साहेब?"

"लिहील," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो मुक्कामावरून पुन्हा वस्तीकडं निघाला. जीपमध्ये पहार घातली होती. कुणाला विचारायचं नव्हतं. तो आधी घरात डोकावला, कारण मूल बघितल्याशिवाय कट्ट्यावर घाव घालायचं त्याला धैर्य नव्हतं.

केराबाई जागी होती. तिनं कागद दाखवला.

"लिवलं न्हाय काय," ती म्हणाली. "पर यिऊन गेली. ह्ये बघा."

कागद कोरा होता. पेन होतं तिथंच होतं. त्याच्याभोवती बारीक पांढरं पीठ पडलेलं होतं, जात्याभोवती पडतं तसं, गोल.

"पीठ सांडून गेली की," केराबाई हसली. तिनं ते गुळगुळीत बोटावर घेतलं आणि बाळाच्या कपाळाला लावलं.

सिद्धाराम बाहेर आला. जीपमधून त्यानं पहार ओढली. ती हातातून घसरली आणि दगडावर खणखणली.

त्यानं उचलली. दोन्ही हातांनी घट्ट धरली. कट्ट्यापर्यंत नेली, डोक्यावर उगारली, आणि ती तळव्यांतून निसटून मागं पडली.

त्यानं हात उन्हात धरले. तळव्यांवर एकही रेघ उरली नव्हती.

पंपावर मायाक्का आली होती. बाळाच्या न्हाणीला पाणी हवं होतं. तिला दांडा धरता येत नव्हता. ती तो कोपरानं दाबत होती, सवय झाल्यासारखी. पाणी भरभरून पडत होतं.

"राहू दे, बाबा," ती म्हणाली.

"आजी, मी भोक पाडतो. आता पाडतो. तुम्ही मूठ टाका."

"कशाला?" तिनं घागर सरळ केली, आणि कट्ट्याकडं मान कलती केली, अगदी तो खडकाकडं करायचा तशी. "ऐक की जरा."

त्यानं ऐकलं. आवाज मऊ झाला होता. जड, भरल्या तोंडाचा.

"आता रितं न्हाय त्ये," मायाक्का म्हणाली, आणि कोपरानं दुसरी घागर भरायला लागली.